खोक्यावरची छत्री

अक्कलकोट रोडच्या कारखान्यात नवे माग आले
तेव्हा मागांपेक्षा मला खोकीच आवडली.
पांढरं, हलकं, दूरदेशीचं लाकूड,
नखानं दाबलं तरी खूण उमटणारं.
मालक म्हणाले, कुणाला जाळायला हवं तर न्या.
मी चार फळ्या सायकलला बांधल्या.
त्याच आठवड्यात आठ जुने माग भंगारात गेले.
भंगारवाल्यानं ते किलोवर मोजले.
यादगिरी, पेंटप्पा, थोरला नरसप्पा,
त्यांचा हिशेब दुसऱ्या टेबलावर झाला.

घरी नागमणीची तक्रार जुनीच.
साखरपेठेतून या तिसऱ्या मजल्यावर आल्यापासून
तिची झाडं रंगाच्या डब्यांत, डबे कठड्यावर,
आणि एप्रिलच्या वावटळीत
अबोलीचा डबा थेट वॉचमनच्या स्कूटरवर.
सीटचे साडेतीनशे भरले.
"एक पेटी करा," ती तेलुगूत म्हणाली,
"कठड्याला धरून बसेल अशी."

मी फिटर. लोखंड माझं ऐकतं.
लाकूड आधी ऐकून घेतं
आणि मग चिरतं.
पहिलीच फळी स्क्रू पिळताना टोकाशी फाटली.
गल्लीतले मौलाली मिस्त्री बघून म्हणाले,
"आधी बारीक भोक पाड.
दार वाजवून आत जावं माणसानं."

लांबी तीन फूट दोन इंच, रुंदी एक वीत.
कठड्याच्या दोन टोकांत अर्ध्या इंचाचा फरक निघाला.
बिल्डरनं कुठंच काटकोन ठेवला नव्हता,
तो पेटीतही आला. येऊ दे.
मागाच्या मोडक्या पट्ट्या वाकवून हूक केले.
नागमणी म्हणाली, ओल्या मातीचं वजन धरलं का?
मी एक हूक वाढवला.
ती काही बोलली नाही.
मी आणखी एक वाढवला.
आतून डांबर फासलं, तळाला अकरा भोकं.
बारावं पाडताना लाईट गेली.

पेटी टांगली तेव्हा दिसलं,
पुढच्या फळीवर काळ्या शाईत
एक पेला, वर बघणारे दोन बाण
आणि एक उघडी छत्री.
म्हणजे, ओलं होऊ देऊ नका.
तिच्यातच मी दोन घमेली काळी माती ओतली,
जुनं शेणखत,
आणि पाच दिवसांनी आलेल्या नळाचं पाणी.
छत्री तशीच उघडी.
आमच्याकडं छत्री निघते
ती बेचाळीस डिग्रीच्या उन्हासाठी.
छापणाऱ्याला काय ठाऊक.

तिसऱ्या दिवशी खालून हाक,
"ओ भाऊ, तुमची पेटी माझ्या टॉवेलवर मुतायलीय की ओ!"
दुसऱ्या मजल्यावरच्या म्याकलकाकू.
तारेवर पांढरे टॉवेल,
त्यांवर मातकट ठिपके, एका ओळीत.
मोजले. अकरा.

पन्हळ करायची म्हणून मी पत्रा आणला,
माप घेतलं, कात्रीही मागून आणली.
रविवारी वाकून बघतो तर
काकूंनी तार दोन हात सरकवलेली
आणि ठिबकतं त्याच्या बरोबर खाली
तोंड कापलेला तेलाचा डबा.
डब्यात पुदिना.
मला एका शब्दानं सांगितलं नाही.
पत्रा अजून दाराआड उभा आहे.

परवा यादगिरी आला. आता रिक्षा चालवतो.
चहा पिता पिता उठून गॅलरीत गेला,
फळीवर बोट फिरवलं, पेल्यावर, बाणावर.
"हेच काय ते," म्हणाला.
मी म्हटलं, हेच.
खाली त्याच्या रिक्षाला कुणीतरी हॉर्न मारत होतं.
जाताना त्यानं अबोलीची एक काडी मागितली.
नागमणीनं ती ओल्या चिंधीत गुंडाळली,
चिंधीला दोरा बांधला,
आणि जिन्यापर्यंत मागं जाऊन म्हणाली,
"उभी धरून न्या हं. आडवी नको."